जोहरची ओळ

“मग मला हिरवा फेटा का नाही, बाबा?”

याकूतने तिसऱ्यांदा विचारलं. मिस्कीनबाबा खाडीकाठी बसून वल्ह्याला नवी दोरी बांधत होते.

हा म्हातारा फकीर एके काळी स्वतः गुलाम होता. बंदरातून पळून सुटला, आणि पुन्हा सात वेळा त्याच बंदरात शिरून माणसं सोडवून आला. त्याने ज्याला हिरवा फेटा बांधला, त्याला सुटून आलेल्यांची सगळी वस्ती उठून सलाम करी.

“कसा देऊ? डोकं एवढं मोठं झालंय तुझं, कापड पुरायचं नाही.”

याकूत हसला नाही. त्याने घोट्यावरचा वण पुढे केला. “सौदागराच्या गलबतावरून भरदिवसा उडी मारलीय मी. पंधरा दिवस झाले. इथं आणखी कुणी मारलीय?”

“नाही रे, कुणी नाही,” बाबा म्हणाले. “वल्हवताना काय गायचात तुम्ही?”

याकूत खुलला. त्याचा गळा चांगला होता.

“ओढ रे गड्या, किनारा कुठं…”

तो थांबला. मग पुढे गायला.

“ओढ रे गड्या, गाव ते कुठं…”

पुन्हा थांबला.

“मध्येच गप्प का होतोस?”

“तिथं दुसऱ्यानं म्हणायचं असतं. जोहर म्हणायचा. एका साखळीत होतो आम्ही.”

“मग म्हण ना त्याची ओळ.”

ती न म्हणताच याकूतने घोट्यावरचा वण हाताने झाकला.

“जोहर कुठाय?”

“…तिथंच.” त्याची मान खाली गेली. “माझ्या पायातली कडी कानशीनं कापून झाली. तो म्हणाला, आता माझी. मी हो म्हटलं, बाबा. हो म्हटलं… आणि उडी मारली.”

“आणि कानस?”

याकूतने कमरेची कानस काढली. पोहून जाणाऱ्याला तिचा काय उपयोग होता? हा प्रश्न पंधरा दिवसांत त्याने एकदाही मनात येऊ दिला नव्हता. आता ती कुठे लपवावी, ते त्याला कळेना.

बाबांनी कानशीचे दाते बोटाने चाचपले. ती परत त्याच्याच मुठीत दिली आणि होडी पाण्यात ढकलली.

“गलबत अजून बंदरात आहे. परवा शीड चढवणार. चल, बस होडीत.”

याकूत मागोमाग उतरला, पण गुडघाभर पाण्यात थबकला.

“बाबा… त्याच्या तोंडाकडे कसं बघू मी?”

“तोंडाकडे नको बघूस. पायाकडे बघ.”