रडकी डबी

"पण उस्ताद, मला पथकात का घेत नाही, तेवढं तरी सांगा की!"

रोहिदास खैरमोडे सकाळपासून हेच विचारत होता. दाऊद उस्ताद तळ्याकाठच्या दगडावर बसून पाण्याकडे बघत होते. थंडीचे दिवस. पाण्यावर धुकं होतं, आणि पलीकडचा डोंगर असूनही नसल्यासारखा...

अग्निशमन दलात एक वेगळं पथक असतं. आग लागली की बाकीचे आत धावतात, हे पथक दाराशी थांबतं. आग विझवायची नाही, सामान काढायचं नाही. आत गेलेला आपलाच एखादा जवान पडला, तर त्याला घेऊन यायचं, बस्स. त्या पथकात कोण जाणार, हे उस्ताद ठरवत. ते नाही म्हणाले की साक्षात ब्रह्मदेवाचीही चिठ्ठी चालत नसे.

रोहिदास गडी वाईट नव्हता हो. उलट फार चांगला, आणि तीच तर पंचाईत! माणसाएवढा वजनी पुतळा खांद्यावर टाकून जिना उतरायचा आणि वर विचारायचा, "अजून एक आहे का?" बघणारे टाळ्या पिटायचे, आणि या शहाण्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"तुला पथक कशाला हवं?" उस्तादांनी शेवटी तोंड उघडलं.

रोहिदासचा आवाज एकदम खाली आला.

"दादासाठी."

दादा म्हणजे थोरला भाऊ, केरबा. तोही याच दलात होता. सरकीच्या एका गोदामात आगीवर गेला, तो परत आलाच नाही. बाहेर माणसं होती, दोर होता, हवेच्या टाक्या होत्या. पण केरबा नेमका कुठे पडलाय, हेच कोणाला कळलं नाही.

"तसं परत कोणी आत राहू नये, उस्ताद. निदान मी असताना तरी नाही."

उस्ताद उठले.

"टाकी चढव. धूरघरात जा. पलीकडच्या दारानं बाहेर ये."

"आलो तर?"

"जा तर खरा..."

धूरघर म्हणजे तळ्याकाठच्या सरावाच्या मैदानातली लांबलचक पत्र्याची शेड. आत ओलं गवत धुमसत ठेवायचं. अरुंद बोळ, आडव्या फळ्या, आणि जळालेल्या छतातून खाली येतात तशा लोंबणाऱ्या तारा. रोहिदासनं पाठीवर टाकी घेतली, तोंडावर मास्क लावला, आणि छातीच्या पट्ट्यावर डबी अडकवली.

ही डबी काय, तेही सांगतो. जवान थोडा वेळ निपचित राहिला, की ही आधी चिमणीएवढी चिवचिवते. तरीही तो हलला नाही, तर गावभर ऐकू जाईल अशी किंचाळते. सोबत्यांनी आवाजाच्या रोखानं यावं, म्हणून. पण माणूस मोठा नग! जवानांनी तिचं नाव ठेवलं रडकी. नुसतं उभं असताना चिवचिवली, की कंबर हलवायची, खांदा उडवायचा, आणि तिला गप्प करायचं. ज्याची रडकी वाजली, त्याची महिनाभर टिंगल. ही कंबर हलवायची युक्ती रोहिदासला शिकवली ती केरबानंच.

तो आत शिरला. उजवा हात भिंतीला, पोट जमिनीला. डोळ्यांपुढे नुसता राखाडी कापूस. बोळाच्या मध्यावर तारांनी पाय धरले. हरकत नाही, असं त्याला बऱ्याच वेळा झालं होतं. तो मागे सरकला, टाकी एका कुशीवर घेतली, कटर काढायला हात नेला... आणि टाकीच्या मागच्या नळालाच तार बसली. हात तिथवर पोचेना. जितकं ओढावं, तितका गुंता घट्ट.

तो जरा थांबला. छातीवर चिमणी बोलली.

रोहिदासनं खांदा उडवला. गप्प.

'निघेन मी. आजवर निघालोच ना?'

पुन्हा ओढाताण. पुन्हा दम. पुन्हा चिमणी. पुन्हा खांदा. असं किती वेळ चाललं, कोण जाणे. वेळ तिथे गवतासारखा धुमसत होता. श्वासाचा आवाज लांब जाऊन परत येत होता, जणू कोणीतरी दुसरंच श्वास घेतंय. अंग जड झालं, आणि खरं सांगायचं तर, त्याला छान वाटायला लागलं. धुराला उन्हात वाळत घातलेल्या सरकीचा वास यायला लागला.

शेजारी केरबा बसला होता.

ना मास्क, ना टाकी. घरच्या बंडीवर, मांडी घालून.

"हालव रे," केरबा हसत म्हणाला. "रडू देऊ नको तिला. पोरं टिंगल करतील."

रोहिदासनं खांदा उडवला. केरबानंही उडवला. दोघं भाऊ हसले. धुरात हसू पसरत गेलं.

मग रोहिदास हसता हसता थांबला.

"दादा... त्या दिवशी गोदामात तुझी वाजली नाही."

"नाही."

"आम्ही सगळे बाहेर कान देऊन उभे होतो रे! मी तर भिंतीला कान लावला होता. का नाही वाजू दिलीस?"

केरबा खाली बघायला लागला. पोरानं काहीतरी फोडावं आणि आईसमोर उभं राहावं, तसा.

"वाटलं, निघेन मी," तो म्हणाला. "आणि पोरं काय म्हणाली असती... केरबा घाबरला?"

चिमणी बोलली.

रोहिदासचा खांदा सवयीनं उडणार होता. त्यानं तो जमिनीला दाबून धरला. आयुष्यात एवढी ताकद त्यानं कधी लावली नव्हती. तो रडत होता, मास्कच्या आत, पण अंगाचा एक तसू हलू देत नव्हता.

डबी किंचाळली. पत्रे थरथरले.

आणि त्याच क्षणी एक हात त्याच्या पट्ट्यावर पडला. टाकीमागची तार कट्कन तुटली. कोणीतरी त्याला फरफटत नेऊ लागलं. धूर पातळ झाला, उजेड आला, पाठीखाली ओलं गवत आलं.

मास्क निघाला. शेजारी दाऊद उस्ताद आपला मास्क काढत होते. म्हातारा धापा टाकत होता.

"नापास ना?" रोहिदासनं डोळे पुसले.

"उद्या पथकात हजर हो."

"पण... मला तर ओढून काढावं लागलं!"

उस्तादांनी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. तळ्यावरचं धुकं अजून तसंच होतं.

रोहिदास घोटभर प्यायला. मग त्याच्या ध्यानात आलं, की डबी वाजली आणि हात पडला, यात पाऊल टाकण्याएवढाही वेळ गेला नव्हता.

"उस्ताद, तुम्ही कुठे होता?"

"तुझ्या शेजारी."

"केव्हापासून?"

"तू आत शिरलास, तेव्हापासून."

"मी तिथे मरत होतो, उस्ताद! शेजारी होतात, तर हात का नाही दिलात?"

"तू हलत होतास, बाळा. हलणाऱ्याला कोण उचलतं?"