काबालूसची डोणी

धाराखाडीच्या मिठागराकडे उतरताना डाव्या हाताला जनावरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी लागते. तिच्यावर कोरलेली अक्षरं शेवाळाने निम्मी खाल्लीत, तरी गावातलं कुणीही वाचून दाखवील: काबालूस. गावातले म्हातारे इनासबाबा पाहुण्यांना इथे आधी चपला काढायला लावतात आणि मगच तोंड उघडतात.

फिरंग्यांच्या अमलात इथे बस्त्याव नावाचा मीठवाहक होता, असं सांगतात. एक म्हातारं तट्टू हेच त्याचं गणगोत. पाठीला मिठाने जखमा झालेल्या, गुडघे गेलेले. अशात किल्ल्याच्या कप्तानाने हुकूम काढला, कामातून गेलेली जनावरं शिकारी कुत्र्यांना घाला. बस्त्यावच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच सकाळी नवे पाद्री वाटेने आले. तट्टाकडे पाहून नाक मुरडत म्हणाले, "काबालूस!" लॅटिनमध्ये उमद्या घोड्याला एक्वूस म्हणतात, काबालूस म्हणजे ओझ्याचं, हलकं तट्टू. बस्त्यावला ते कुठलं कळायला? देवळातल्या प्रार्थनेत दोमिनूस, सांक्तूस ऐकलेलं. हाही तसलाच शब्द. पाद्रींनी नावं ठेवली, आणि या भोळ्याला वाटलं, नाव ठेवलं. त्याने तिथेच गुडघे टेकले म्हणे.

दुपारी शिपाई आले, तर हा तट्टाच्या गळ्याला मिठी मारून उभा. "पाद्रीबाबांनी याचं नाव ठेवलंय. नाव ठेवलेल्याला कुत्र्यांपुढं कसं टाकता?"

कप्तानाने पाद्रींना बोलावून विचारलं, खरं का हे? नाही म्हणावं तर तट्टू जाणार, हो म्हणावं तर अंगावर पाद्र्याचा झगा, खोटं बोलायचं कसं? पाद्रींनी बस्त्यावकडे पाहिलं आणि त्यांना आपल्याच जिभेची लाज वाटली.

"हो," ते म्हणाले, "नाव मीच ठेवलं."

शिपाई गेल्यावर बस्त्यावने विचारलं, "बाबा, अर्थ काय त्याचा?"

"ओझं वाहणारा."

बस्त्यावने तट्टाच्या पाठीवरची गोणी उतरवून आपल्या खांद्यावर घेतली. "मग लई वाह्यलं त्यानं. पुरे आता."

तट्टू जगलं तोवर पाद्री स्वतः त्याला पाणी पाजायला येत. ही डोणी त्यांनीच घडवून घेतली, असं इनासबाबा सांगतात.

आजही गावात एखादं जनावर थकलं, की त्याला इथे आणून पाणी पाजतात आणि कानात तो शब्द सांगतात. पुढे त्याच्या पाठीवर कुणी काही ठेवत नाही. आणि माणूस गेलं, तरी खांदेकरी शवपेटी डोणीपाशी क्षणभर टेकवतात. मग घरातलं थोरलं माणूस पेटीवर वाकतं आणि हळूच म्हणतं, "काबालूस."