पहिली खूण

एका गावात एक डॉक्टर होते आणि त्यांच्या पायाला भिंगरी होती. आसपासच्या बारा गावांत डॉक्टर तेवढे एकच. सकाळी तट्टावर मांड टाकली की दिवस मावळेपर्यंत त्यांना दम खायला फुरसत नसे. खरं सांगायचं तर फुरसत मिळाली तरी ती त्यांना सोसत नसे. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय हलत असे.

खोगिराला त्यांची कातडी पेटी बांधलेली असे. त्या पेटीत काय नव्हतं? छाती तपासायची नळी, पितळी नळकांड्यातला थर्मामीटर, सुया उकळायची डबी आणि स्पिरिटचा दिवा, दात उपटायची पक्कड, टिंक्चर, कुनाइनच्या पुड्या, एरंडेल, पोट धुवायची लांब रबरी नळी. शिवाय कात्री, डिंक आणि कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. बाटलीत औषध भरलं की डॉक्टर एका पट्टीला कात्रीने खाचा पाडत आणि ती बाटलीला चिकटवत. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. लोक त्या खाचांना खुणा म्हणत.

एके दिवशी सकाळीच एका गवंड्याचा निरोप आला. त्याची बायको खोकून खोकून बेजार झाली होती. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. डॉक्टर लगेच गेले, पण मन तिथे नव्हतं. पुढच्या गावच्या इनामदारांच्या अंगठ्याला ठणका लागला होता आणि त्यांचा माणूस दोनदा बोलावून गेला होता.

"कधीपासून खोकला? बरं, बरं. कफ पडतो? पडत असणारच," असं स्वतःच विचारत, स्वतःच उत्तर देत डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, काढली आणि बाटली भरलीसुद्धा. औषध जालीम होतं, त्यात अफूचा अर्क होता. सहा डोस, पाच खुणा.

"आत्ता पहिल्या खुणेपर्यंत पाजा," ते बाहेर पडता पडता म्हणाले. "बाकीचं येताना सांगतो."

गवंड्याने बाटली उजेडात धरून निरखली. "पहिली म्हंजी तळाचीच न्हवं का, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर रिकिबीत पाय अडकवत होते. "हो, हो, तीच," ते म्हणाले आणि त्यांनी तट्टाला टाच मारली.

आता यात गवंड्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. वीस वर्षं तो भिंती बांधत होता. भिंतीचा पहिला थर तळालाच असतो. वरून खाली बांधत आणलेली भिंत कुणी पाहिली आहे? त्याने बायकोला बसतं केलं आणि बाटली जमिनीवर टेकवून, डोळा लावून, अगदी ओळंबा पाहावा तसं पाहत तळाच्या खुणेपर्यंत औषध नेमकं पाजलं. पाच डोस एका वेळी तिच्या पोटात गेले.

इकडे डॉक्टरांना वाटेत चैन पडेना. काहीतरी राहिलं, असं सारखं वाटत होतं. पेटी चाचपली, सगळं जागच्या जागी होतं. आपण निघताना गवंड्याने काहीतरी विचारलं होतं, आपण हो म्हणालो, पण कशाला? डोकं खाजवलं तरी आठवेना. त्यांनी तट्टू आणखी जोरात पिटाळलं.

इनामदारांच्या दारात ते उतरले आणि घाईने जिना चढू लागले. गडी ओरडला, "जपून साहेब, पहिली पायरी निसटलीया!"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय सगळ्यात खालच्या पायरीवर होता.

गवंड्याने काय विचारलं होतं ते आता त्यांना आठवलं, आणि त्यांची पहिली खूण तर सगळ्यात वरची होती. वरून इनामदारांचा आवाज आला, "डॉक्टर, किती वाट पाहायची माणसानं!" डॉक्टर उलट्या पावली फिरले. "असेच गेलात तर पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नका!" हे शब्द त्यांच्या कानावर पडले, पण तोवर ते तट्टावर बसले होते.

गवंड्याच्या अंगणात शेजारपाजारच्या बायका बसल्या होत्या. एकीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. तीन दिसांनी झोप लागलीया तिला. गुण आहे बघा तुमच्या हाताला!"

डॉक्टर तिला ओलांडूनच आत धावले. बाईचा श्वास इतका मंद झाला होता की दोन श्वासांमध्ये त्यांना घाम फुटत होता. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी पेटी जमिनीवर पालथी केली. पक्कड, पुड्या, सुया सगळीकडे विखुरल्या. त्यातून रबरी नळी उचलून त्यांनी बाईचं पोट धुतलं, तिला काळी कॉफी पाजली आणि दोन बायकांना तिला दोन्हीकडून धरून अंगणात चालवायला लावलं. "झोपू देऊ नका! चिमटे काढा, हाका मारा!" ते स्वतः तिची नाडी धरून बाजूने चालत होते. ऊन अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं, तरी ते चालतच होते. शेवटी एकदाचं बाईने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं, तेव्हा तिला अंगणातल्या खाटेवर टेकवलं.

एका वेळी पाच डोस गेल्याचं कळल्यावर गवंडी भिंतीला कपाळ आपटून घेत होता. "म्या पाजलं, म्याच पाजलं!"

"अडाण्याच्या हाती बाटली दिल्यावर दुसरं काय होणार?" एक म्हातारा म्हणाला. "डॉक्टर होते म्हणून वाचली बिचारी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी गप्प राहायचं ठरवलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. बारा गावांत त्यांचं नाव आणखी मोठं झालं असतं. क्षणभर त्यांना तो मोह झालाही. मग त्यांनी गवंड्याचा हात धरून त्याला भिंतीपासून बाजूला घेतलं.

"यानं मला विचारलं होतं," ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पहिली खूण तळाची का, असं नीट विचारलं होतं. मी न ऐकताच हो म्हणालो. चूक त्याची नाही, माझी आहे."

म्हातारा जमिनीकडे पाहू लागला. तेवढ्यात खाटेवरून बाईचा बसलेला आवाज आला.

"डॉक्टरसाहेब, मग आता तरी घटकाभर बसा. मला खोकला कशानं येतो, ते मी अजून सांगितलंच न्हाई. ह्यांच्यासाठी रोज चुना चाळते मी. चाळणी धरली की जीव घुसमटतो."

डॉक्टर तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. "सांगा," ते म्हणाले.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: पेटी कितीही भरलेली असली, तरी समोरच्याचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय ती उघडू नये.