चुईला हवी ऐरण

ही गोष्ट एका चिचुंद्रीची. नाव तिचं चुई. एवढीश्शी! तुमच्या मुठीत मावेल एवढी. पण होती लोहार, बरं का!

चुईचा होता एक गाडा. गाड्यात हातोडी. गाड्यात सांडशी, गरम लोखंड धरायला. गाड्यात भाता, विस्तव फुलवायला. भाता करी भुस्स भुस्स! आणि सगळ्यात जड ऐरण, लोखंड ठोकायला. ऐरण करी टण्ण टण्ण!

उद्या होती खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. चुईने तोडला एक झेंडू. पिवळा पिवळा, गोल गोल. ठेवला डोक्यावर.

"हा माझ्या ऐरणीला!" म्हणाली. आणि निघाली तळ्याकाठाने. तुरुतुरु तुरुतुरु.

झाडावरून उंबर पडलं. टप्प!

चुई दचकली. "अगंबाई!"

गाडा कलंडला. ऐरण घसरली. डुबुक! गेली तळ्यात. खोल खोल खोल.

"माझी ऐरण! आता ठोकू कशावर? झेंडू वाहू कुणाला?"

चुई रडली. थोडीशीच. मग तिने नाक पुसलं. लांबलचक नाक, पुसायला वेळ लागला.

"बुडाली तर बुडाली. एखादी जुनी शोधू!"

गाडा सरळ केला, घेतला ओढत. हातात घेतली हातोडी. दिसेल ते वाजवून बघितलं.

माठ वाजवला. ठप्प! ही नाही ऐरण.

डबा वाजवला. खड्ड! हीसुद्धा नाही.

बेडूकमामांच्या दाराशी काहीतरी होतं. काळं, गंजकं, बटाट्याएवढं. चुईने वाजवलं.

टण्ण!

"अय्या! ऐरण! जुनी ऐरण! फुटकी असती तर बद्द वाजली असती. ही वाजली टण्ण!"

चुईने उडीच मारली. "बेडूकमामा, बेडूकमामा, जुनी ऐरण द्याल का?"

"डराव! ऐरण कुठली? हे तर माझ्या दाराचं टेकण! ते नेलंस तर दार आपटेल, धाड धाड! दाराला दगड आण, मग ऐरण ने."

चुई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

अंगणात कोंबडीकाकू. पिल्लांवर पालथं डालगं, मोठी टोपली. डालग्यावर दगड. छान, गोल दगड!

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, दगड द्याल का?"

"कशाला गं दगड?"

"दगड देईन बेडूकमामांना. बेडूकमामा देतील ऐरण. ऐरणीला वाहीन झेंडू!"

"छान छान! पण दगड दिला तर डालगं उलटेल. माझी कार्टी पळतील, चिव चिव! डालग्याला दोरी आण, मग दगड ने."

चुई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाडीत शेळीमावशी. वाडीला फाटक. फाटकाला दोरी. छान, लांब दोरी!

"शेळीमावशी, शेळीमावशी, दोरी द्याल का?"

"कशाला गं दोरी?"

"दोरी देईन कोंबडीकाकूंना. कोंबडीकाकू देतील दगड. दगड देईन बेडूकमामांना. बेडूकमामा देतील ऐरण. ऐरणीला वाहीन झेंडू!"

"झेंडू?" शेळीमावशींनी मान पुढे केली. "बघू बघू. चवीला कसा आहे?"

"अगंबाई!" चुई दचकली. झेंडू घट्ट धरला. "खायचा नाही, मावशी!"

"बरं बाई! पण दोरी दिली तर फाटक उघडेल. तो घोडेराव येतो ना, माझा पाला खातो! फाटकाला आकडा आण, मग दोरी ने."

चुई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

माळावर घोडेराव. केवढे मोठे! पायाला लोखंडी नाल. नालेला लोखंडी खिळे.

"घोडेराव, घोडेराव, आकडा द्याल का?"

"कशाला गं आकडा?"

"आकडा देईन शेळीमावशींना. शेळीमावशी देतील दोरी. दोरी देईन कोंबडीकाकूंना. कोंबडीकाकू देतील दगड. दगड देईन बेडूकमामांना. बेडूकमामा देतील ऐरण. ऐरणीला वाहीन झेंडू!"

"हिं हिं हिं! शेळीच्या फाटकाला आकडा?"

"तुम्ही त्यांचा पाला खाता म्हणे."

"छे छे! मी नुसता वास घेतो." घोडेरावांनी शेपूट उडवली. "माझ्याकडे आकडा नाही गं. एक जुना खिळा आहे. बघ, कसा डुगडुगतोय! तो वाकवून आकडा होईल. पण ते काम लोहाराचं. लोहार आण, मग खिळा ने."

"लोहार? लोहार तर मीच!"

"तू? एवढीशी? मग तुझी ऐरण कुठाय?"

"ऐरण... ऐरण तर बेडूकमामांच्या दारात!"

चुई मटकन बसली. ऐरण नाही, तर आकडा नाही. आकडा नाही, तर दोरी नाही. दोरी नाही, तर दगड नाही. दगड नाही, तर ऐरण नाही!

झेंडू पडला मांडीवर. चुईने झेंडूकडे बघितलं. बघितलं. बघितलं.

आणि टुणकन उठली!

"दारात आहे, तर आहे! मी दारातच ठोकीन! घोडेराव, पाय उचला!"

घोडेरावांनी पाय उचलला. चुईने लावली सांडशी. ओढलं, ओढलं, ओढलं. टुक! निघाला खिळा. बाकीचे हलवून बघितले. सगळे घट्ट!

चुई पळाली. आता तुरुतुरु नाही. सुर्र सुर्र सुर्र!

"बेडूकमामा, बेडूकमामा, ऐरण नको!"

"नको? डराव?"

"म्हणजे, आत्ता नको! राहू दे तुमच्या दारात. मी इथेच ठोकते!"

"इथे? माझ्या उंबऱ्यात?"

"कान झाका, मामा!"

मामांनी कान झाकले.

चुईने पेटवले गाड्यातले कोळसे. भाता चालवला, भुस्स भुस्स. खिळा झाला लाल लाल. (आपण लांबूनच बघायचं हं. हात नाही लावायचा!) सांडशीने धरला. जुन्या ऐरणीवर ठेवला.

टण्ण! टण्ण! टण्ण!

खिळा वाकला. वाकला, वाकला, वाकला. पाण्यात बुडवला, चर्रर्र!

झाला आकडा!

"डराव! माझं टेकण गातं की गं!" बेडूकमामा म्हणाले.

मग काय, पळापळ!

आकडा दिला शेळीमावशींना. फाटक लागलं, खट्ट! शेळीमावशींनी दिली दोरी.

दोरी दिली कोंबडीकाकूंना. डालगं बांधलं, घट्ट! कोंबडीकाकूंनी दिला दगड.

दगड आणला ढकलत, गडगड गडगड! दिला बेडूकमामांना. दार टेकलं, गप्प!

बेडूकमामांनी दिली ऐरण!

"ने बाई, ने. आणि अधूनमधून वाजवायला येत जा."

चुईने ऐरण गाड्यात ठेवली. या वेळी दोन बाजूंनी बांधली. वाटेत उंबर पडलं. टप्प!

चुई दचकली. गाडा हलला. पण ऐरण? जागची हलली नाही!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. चुईने ऐरण घासली. गंज गेला. ऐरण चकचक चकचक! मांडली पाटावर. शेजारी हातोडी. शेजारी सांडशी. शेजारी भाता. सगळ्यांना लावलं हळदकुंकू.

आणि ऐरणीला? ऐरणीला वाहिला झेंडू! पिवळा पिवळा, गोल गोल, जरासा चुरगळलेला.

सगळे आले बघायला. एक पिल्लू म्हणालं, "चुईताई, वाजव ना! टण्ण कर ना!"

"आज नाही, सोन्या. आज ऐरणीला सुट्टी. उद्या वाजवू!"

तेवढ्यात शेळीमावशींनी मान पुढे केली. झेंडूच्या अगदी जवळ.

"मावशी!"

"छे छे!" शेळीमावशी म्हणाल्या. "मी नुसता वास घेते."

घोडेराव हसले. हिं हिं हिं!

जुनी ऐरण चुईच्या घरी, चुईची गोष्ट तुमच्या घरी. टण्ण!