पुतणीची नाव

फार जुनी गोष्ट. म्हाताऱ्या राजाला गादीवर बसून एकतीस वर्षे झाली होती आणि पौष महिना चालू होता. त्या पौषात नदीवर धुके उतरले, ते उठायचे नाव घेईना. निदान नावाड्याला तरी तसे वाटत होते.

नाव त्याची नव्हती. थोरला भाऊ वारला, तेव्हा ती भावाच्या सात वर्षांच्या मुलीकडे आली, आणि सांभाळायला चुलत्याकडे, म्हणजे नावाड्याकडे. त्या गावची रीतच होती. पोरक्या मुलाने एकट्याने वल्हवत नाव पैलतीरी नेली, की त्या दिवसापासून ते तिचे धनी. सोळावे वर्ष सरेपर्यंत जमले नाही, तर नाव पालकाची. पुतणीचे सोळावे येत्या पाडव्याला सरणार होते.

नावाडी सचोटीचा. उतारूंनी दिलेले धान्य तो पुतणीच्या कणगीत ओती, आपल्या मजुरीपुरते घेई. दरसाल नावेला तेल पाजी. फक्त वल्ह्याला तिचा हात लागू देत नसे.

"अजून लहान आहेस, पोरी. नदी खोल आहे."

नऊ वर्षे तो हेच म्हणत आला होता. त्याला ते खरेही वाटे. पण काठावरचे लोक "नावाडी आला, नावाडी आला" म्हणत, ते ऐकायला त्याला त्याहून गोड वाटे.

एके दिवशी सकाळी नावेत तिघेच होते. तो, पुतणी आणि ताक विकणारी म्हातारी.

"नावाड्या," म्हातारी म्हणाली, "तुझ्या पुतणीला नातवंडं होतील, तरी तू म्हणशील, अजून लहान आहे!"

"तुझा माठ सांभाळ, म्हातारे."

नाव निघाली. वर पांढरे, खाली पांढरे. वल्हे कुठे बुडते आणि कुठे निघते, कळत नव्हते. पैलतीरची झाडे झोपेत दिसावीत तशी जवळ येत आणि विरून जात. नावाड्याला वाटले, आपण वल्हवतच नाही, नदीच आपल्याला जोजवते आहे. त्याला बरे वाटत होते.

"काका, डावीकडे खडक!"

"एवढ्या धुक्यात तुला कसा दिसला?"

मुलगी हळूच म्हणाली, "काका, धुकं नाहीये. लख्ख ऊन पडलंय."

नावाड्याचा हात थांबला. त्याने तोंड वर केले. गालाला ऊन लागत होते.

त्याने वल्हे पुढे केले. "घे."

तिने घेतले. पण ते धरायचे कसे, हेच तिला ठाऊक नव्हते. नावेने गिरकी घेतली, खडकावर आदळली आणि तिचा तळ फुटला. खडकापाशी पाणी कमरेएवढेच होते, म्हणून तिघे वाचले.

"माझं ताक नदीला पाजलंस!" म्हातारी ओरडली. मग तिने पुतणीकडे पाहिले. ती फुटकी फळी छातीशी धरून रडत होती. म्हातारीचा आवाज उतरला. "चोराने नाव नेली असती, तरी या पोरीचं आणखी काय गेलं असतं रे?"

नावाड्याने चाचपडत नावेची कड धरली आणि तो ती काठाकडे ओढू लागला.

दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या परसातले फणसाचे झाड तोडले. सुताराने त्या लाकडाचा नवा तळ बसवला. मग रोज सकाळी नावाडी पुतणीच्या मागे बसू लागला. तिच्या हातांवर त्याचे हात. डोळे गेले होते, पण नदी त्याच्या मनगटात होती.

"पाणी जड लागलं की समज, प्रवाह आला. भांडू नकोस त्याच्याशी. तिरकी घे."

महिनाभराने ती म्हणाली, "काका, आता सोडा."

त्याने हात काढून घेतले. ते त्याला फार जड गेले.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने ती नुसती जपून भागत नाही, ती परत घेणारे हातही घडवावे लागतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुतणीने एकटीने नाव पाण्यात लोटली. नावाडी काठावर उभा राहून वल्ह्याचा आवाज ऐकत होता. आवाज लांब गेला, बारीक झाला, पैलतीरी थांबला.

देणे फिटले.