दुसऱ्याची तयारी

टेकडीवरच्या एका विद्यापीठात एकदा एक विद्यार्थिनी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं नाव गार्गी. बुद्धी तल्लख, वाणी स्वच्छ आणि मनात एकच ध्यास, प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं. ॲप कोणासाठी करायचं, त्यात काय ठेवायचं आणि काय वगळायचं, हे ठरवणारा हा माणूस. कोड लिहिणारे एका बाजूला, विकणारे दुसऱ्या बाजूला आणि हा मध्ये उभा.

या पदाच्या मुलाखती अवघड असतात, म्हणून गार्गीने जिवाचं रान केलं होतं. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, उत्तरांचे साचे पाठ केले. वापरणारा कोण, त्याची अडचण कोणती, उपाय काय आणि यश मोजायचं कशाने. कोणताही प्रश्न येवो, ती तो साच्यात ओतायची आणि घडीव उत्तर बाहेर काढायची. तरीही दोन कंपन्यांनी तिला नाकारलं होतं. एका मुलाखतकाराने तर म्हटलं होतं, "उत्तर उत्तम होतं तुमचं. पण मी विचारलं ते हे नव्हतं." माणूस चिडका असावा, अशी गार्गीने स्वतःची समजूत घातली.

आता वर्षातली अखेरची मोठी कंपनी मुलाखती घ्यायला विद्यापीठात यायची होती. जागा एकच. गार्गी वर्तकबाईंकडे गेली. बाईंनी उमेदीची वर्षं रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या विद्यापीठामागच्या गल्लीत राहत आणि येईल त्या विद्यार्थ्याची सराव-मुलाखत घेत.

बाईंनी तिला ओसरीत बसवलं आणि विचारलं, "आपल्या शहरातल्या बसचं ॲप आहे, पण लोक ते वापरत नाहीत. काय करशील?"

प्रश्न संपतो न संपतो तोच गार्गी सुरू झाली. प्रवाशांचे प्रकार, प्रत्येकाची अडचण, सवलतींची योजना, यशाची मोजपट्टी. कुठे अडखळणं नाही, की श्वास घेणं नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्याबरोबर या मुलाखतीला आणखी कोण कोण आहे?"

गार्गीने नावं सांगितली.

"त्यांत सर्वांत जड कोणाला जातं?"

"बसवराजला. उदगीरचा आहे. कोडिंगमध्ये आमच्या वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण मुलाखतीत तोंडच उघडत नाही तो."

"मग आजपासून तू त्याची तयारी करून घे. तुझी स्वतःची थांबव."

गार्गीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "बाई, जागा एकच आहे."

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे मी माझ्याच स्पर्धकाला..."

"हो. तुला पटत नसेल तर करू नकोस. पण मग माझ्याकडेही येऊ नकोस."

गार्गी तणतणत बाहेर पडली. वाटेत तिने बाईंना मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं. पण बाईंचा सल्ला ऐकून उभी राहिलेली मुलं तिने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी ती बसवराजला शोधत गेली.

तिने त्याला आपले साचे शिकवायला घेतले. बसवराज मन लावून ऐकायचा, मान डोलवायचा आणि बाईंचा बसचा प्रश्न विचारला की गप्प. भराभर बोलण्याचा सराव दिला, तो आणखी गप्प झाला. आरशासमोर उभं केलं, तर तो स्वतःच्याच तोंडाकडे बघत राहिला. सुरुवातीची वाक्यं तिने पाठ करून घेतली, ती म्हणून झाल्यावर तो पुन्हा थांबला. शेवटी गार्गी वैतागून बाईंकडे आली.

"त्याचं काही होणार नाही, बाई. मी सगळे उपाय केले."

"कशावरचे उपाय?"

"भीतीवरचे. घाबरतो तो."

"असं तो म्हणाला?"

इतके दिवस गार्गी त्याच्यासमोर बसत होती, पण एवढी साधी गोष्ट तिने त्याला विचारलीच नव्हती.

त्या संध्याकाळी दोघं मेसकडे चालत निघाली असताना तिने विचारलं, "बसवराज, प्रश्न विचारला की तुला नेमकं काय होतं?"

तो जरा वेळ चालत राहिला. गार्गीची जीभ शिवशिवत होती, पण तिने ती आवरली.

"मी गप नसतो गं," तो म्हणाला, "विचार करायलो असतो. बसचं ॲप म्हटलं की मला माणसं दिसतात. आमची आत्या दिसते स्टँडवर उभी. तिच्याकडं फोन आहे, पण ती फोनला विचारत नाही, कंडक्टरला विचारते. फोन चुकला तर भांडायचं कुणाशी, म्हणते. मग कॉलेजची पोरं दिसतात. कुणाचं आधी सांगू, असं होतं मला. तोवर समोरचा म्हणतो, बरं, पुढचा प्रश्न."

गार्गी चालता चालता थांबली. बसच्या त्याच प्रश्नावर आपण किती झोकात बोललो होतो, आणि बोलताना एकही माणूस आपल्याला दिसला नव्हता, हे तिला उमगलं. फोन चुकला तर भांडायचं कुणाशी, या एका वाक्यात तिच्या अख्ख्या उत्तरापेक्षा अधिक ऐवज होता.

मग तिने आपले उपाय बाजूला ठेवले आणि त्याचं निरीक्षण सुरू केलं. चालताना तो मोकळा बोलतो, खुर्चीत बसला की अडतो. मुलाखतीत चालता तर येणार नाही. तिने त्याच्या हाती कागद-पेन्सिल देऊन पाहिली. हात चालू लागला तशी जीभही सुटली. दिसणारी माणसं तो कागदावर काढू लागला, आणि एकेकाकडे बोट दाखवून बोलू लागला. "मला थोडा विचार करू द्या," हे वाक्य तेवढं तिने त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. म्हणजे समोरच्याला त्याचं मौन रिकामं वाटू नये. त्याचं बोलणं फुलत गेलं, तसा गार्गीला आनंद होऊ लागला. त्या आनंदाचं तिचं तिलाच नवल वाटे.

परंतु त्याच्यात एक उणीव उरली होती. सगळ्या माणसांचं त्याला कळायचं, आणि मग सगळ्यांसाठीच काही ना काही करावंसं वाटायचं. यातलं काय करणार नाही, हे तो कधीच सांगत नसे. मुलाखतकार नेमकं तेच विचारतात. गार्गीच्या हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी ध्यानात आलं, आणि तिने सांगितलं नाही. उद्या सांगू, असं ती स्वतःला म्हणाली. खरं म्हणजे जागा एकच होती, आणि तिने हे लपवलं असं कोणालाच कळणार नव्हतं.

मुलाखतीच्या सकाळी सगळी मुलं इस्त्रीचे कपडे घालून दालनाबाहेर बसली होती. आतून बसवराजचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, शर्टाची बाही सारखी केली आणि दाराकडे निघाला. गार्गी क्षणभर जमिनीकडे बघत राहिली. मग झटकन उठून तिने त्याला गाठलं.

"ऐक, बसवराज. सगळ्यांचं करू नकोस. एकाचं निवड, आणि बाकीच्यांचं आत्ता का नाही ते सांग. तेवढंच राहिलंय तुझं."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला.

पुढे गार्गीचीही मुलाखत झाली. प्रश्न ऐकून ती थांबली. उत्तर देण्याआधी तिने समोरच्यालाच विचारलं, "ही अडचण तुमच्यापर्यंत कोणी आणली?" समोरचा माणूस पुढे सरकून बसला. पुढचा सगळा वेळ परीक्षेसारखा गेलाच नाही.

दुपारी निकाल लागला. निवड बसवराजची झाली होती.

गार्गी बाईंकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "असं होईल हे तुम्हाला माहीत होतं?"

"होऊ शकेल हे माहीत होतं."

"मग का पाठवलंत मला त्याच्याकडे?"

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "गार्गी, तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. माणूस एकही नव्हता. 'वापरणारा' हा शब्द तू पाठ केला होतास. त्याला चेहरा नव्हता, तो अडत नव्हता, की तुझा उपाय नाकारत नव्हता. म्हणून मी तुला एक खराखुरा माणूस दिला. त्याला विचारल्यावाचून त्याचं दुखणं कळत नाही आणि आपला लाडका उपाय टाकून दिल्यावाचून त्याला उतार पडत नाही, हे तू अनुभवलंस. याच्याहून मोठी तयारी मला ठाऊक नाही. आणि दुसरीही गोष्ट होती. या कामात आपण झिजायचं आणि यश दुसऱ्याच्या हातात दिसायचं, हे रोज घडतं. ते आपल्याला सोसतं का, हे पद मिळण्याआधी समजलेलं बरं. सोसलं का तुला?"

"नाही, बाई," गार्गी म्हणाली. "त्याच्यासाठी बरं वाटतंय. पण सोसत नाहीये."

"हे उत्तर कुठल्या पुस्तकातलं नाही," बाई हळुवारपणे म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

काही आठवड्यांनी शहरातल्या एका लहानशा कंपनीने गार्गीला बोलावलं. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शाळेचं ॲप करायचं होतं. ते कसं करशील असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "आधी त्या मुलांना भेटता येईल का?" त्यांनी तिला त्या मुलांच्या शाळेत नेलं. ती सकाळभर मागच्या बाकावर बसून मुलांना कुठे अडतं ते बघत राहिली, आणि निघताना तिला ते काम मिळालं होतं.

आपण सारेच कसल्या ना कसल्या मुलाखतीची तयारी करत असतो. त्यातला थोडा वेळ शेजारच्याला काय अडतंय हे विचारण्यात गेला, तर तो वाया गेला असं समजू नये.