हौश्याचं मुसकं

मळणी बैलांच्या पायांखाली व्हायची, त्या काळची गोष्ट. खळ्यावर बैलांनी कणसांत तोंड घालू नये म्हणून त्यांना रोज दुपारपर्यंत मुसकं बांधत. हौश्या या गोऱ्ह्याचा तो पहिलाच हंगाम होता.

ज्वारीच्या वासाने त्याच्या पोटात आग पडली. "लाखूआजा, दुपारपर्यंत भूक अशीच वाढत गेली तर मी मरेन."

"वाढत नाही रे ती," शेजारी जुंपलेला म्हातारा लाख्या रवंथ करत म्हणाला. "गोमाशीसारखी येते, चावते, उडून जाते. तू चालत राहा."

हौश्या चालत राहिला. भूक आली, गेली. पुन्हा आली, तेव्हा त्याने नुसतं शेपूट हलवलं.

दुपारी मालकाने मुसकं सोडून पुढ्यात कडबा टाकला, तर हौश्या लाख्याला ओढत पुढेच निघाला.

"अरे खुळ्या," लाख्या म्हणाला, "आता जेवायला तरी थांब."